जुनी गिटार एक्स्चेंजला देऊ नकोस

दादा, नमस्कार. मी 24 वर्षांचा, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरीत. शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. कॉलेजपासून आमचा चौघांचा बँड आहे. गॅदरिंग, कॅफे, कधी गणपतीत मंडळाचा कार्यक्रम, असं वाजवतो. माझ्याकडं सेकंडहँड घेतलेली एक स्ट्रॅट कॉपी (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची नक्कल) आहे. पावसाळे खाऊन खाऊन तिच्या तारा इतक्या वर आल्यात की बार कॉर्ड धरला की बोटं भरून येतात. सध्या डेरेक ट्रक्सची स्लाइड (बोटात नळी घालून वाजवणं) आणि मार्क नॉफ्लरचं पिकशिवाय वाजवणं डोक्यात बसलंय. मला दोन्ही शिकायचंय. बोनस धरून 25 हजार जमतील. दुकानदार म्हणतो, जुनी दे, तिचे तीन हजार धरतो, भर घालून फ्लॉइड रोजवाली (तारा दोन्ही टोकांना आवळणाऱ्या ट्रेमोलोची) चकाचक घेऊन जा. आमचा ड्रमर म्हणतो, स्लाइड म्हणजे रेझोनेटरच (आत धातूचे शंकू असलेली गिटार) पाहिजे. पप्पा म्हणतात, घरात एक आहे ती आधी नीट वाजव. स्लाइड आणि फिंगरस्टाइल दोन्हीला चालेल अशी एकच गिटार कोणती घेऊ? आणि स्लाइड काचेची की पितळेची?
– तारांत अडकलेला, राजारामपुरी

भावा, तुला सल्ला देणाऱ्या तिघांत बरोबर बोललेत ते तुझे पप्पा. त्यांच्या मनातलं कारण वेगळं असेल, पण घरातली गिटार हातची घालवू नकोस. तीन हजारांत जी देऊन टाकायला निघालायस, तीच तुझी स्लाइडची गिटार. तारा वर आल्यात म्हणून तू तिच्यावर वैतागलायस, आणि स्लाइडवाला नेमक्या तशाच तारा मागतो. 25 हजार जायचे ते बोटांनी वाजवायच्या गिटारवर.

हे असं का, ते आधी समजून घे, नाहीतर दुकानात गेल्यावर पुन्हा कुणीतरी तुला फिरवेल.

स्लाइडमध्ये तार फ्रेटवर दाबायची नसते. बोटात नळी घालायची, ती तारेला नुसती टेकवायची आणि फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर धरायची. दोन पट्ट्यांच्या मध्ये नाही, जिथं एरवी आपण बोट ठेवतो. तार फार खाली असली की जरा भार पडला तरी नळी फ्रेटवर आपटते आणि सुराऐवजी खडखडाट येतो. म्हणून तार उंच हवी, जाड हवी, आणि सगळ्या तारा शक्य तितक्या एका पातळीत हव्यात. फिंगरस्टाइलचं बरोबर उलटं. तिथं डाव्या हाताची चारही बोटं कामात असतात, एक बास धरून ठेवतं आणि दुसरं वरचा सूर फिरवत असतं. तार उंच असली तर करंगळी पोचेपर्यंत बासवरचं बोट सुटतं.

आकड्यांत सांगतो, तुझा धंदाच मोजमापाचा आहे. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंतचं अंतर मोज. बोटांनी वाजवायच्या इलेक्ट्रिकला ते जाड तारेखाली 2 मिमी आणि बारीक तारेखाली दीड-पावणेदोन मिमीच्या आसपास असावं. निव्वळ स्लाइडला अडीच ते तीन मिमी खुशाल ठेव. एक मिमीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, हाताला मात्र ती दोन वेगळी वाद्यं लागतात. एकाच गिटारवर दोन्ही बसवायला गेलास की मधल्या कुठल्यातरी मापाला तडजोड करावी लागते, आणि शिकाऊ माणसाला त्या तडजोडीत दोन्हीकडून मार बसतो. स्लाइड आपटते आणि कॉर्डही दुखतात.

मग जेफ बेक एकाच गिटारवर दोन्ही कसं करायचा, असं विचारशील. त्यानं 1980 च्या दशकात पिक सोडून दिलं आणि अंगठ्या-बोटांनी स्ट्रॅट वाजवली, तिच्यावरच स्लाइडही केली. सॉनी लँड्रेथ करंगळीत नळी घालतो आणि उरलेल्या बोटांनी नळीच्या मागं फ्रेट दाबून असे कॉर्ड काढतो की ऐकणारा चक्रावतो. होतं एका गिटारवर. पण त्या हातांचा नळीवरचा दाब जन्मभर तोलून झालेला आहे. तुझा तोल बसायला वेळ लागेल, आणि तोवर गिटारनं तुला साथ द्यायला हवी.

आता जुन्या गिटारला हात घालू. सगळ्यात आधी तारा वर कशानं आल्यात ते शोध, नुसतं ब्रिजकडं (बॉडीवरच्या घोडीकडं) बघू नकोस. आपल्याकडं जूनपासून हवेत इतका ओलावा असतो की कव्हरशिवाय भिंतीवर टांगलेल्या गिटारचं लाकूड फुगतं आणि नेक तारांच्या ओढीनं पुढं वाकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लाव, शेवटचा फ्रेट बोटानं दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मध्ये फिलर गेजची पाती सरकव. पाव मिमीची पाती अडकत-अडकत गेली तर नेक ठीक आहे. स्लाइडसाठी जरा जास्त वाक चालतो. अर्धा मिमीच्या वर गेलं असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आवळायला हवा, तोही एका वेळी पाव फेरा, आणि मग एक दिवस थांबून पुन्हा माप. रॉड जड लागला तर जोर लावू नकोस. आणि ही ॲडजस्टमेंट भर पावसात करू नकोस; ऑक्टोबरचं ऊन पडलं की नेक थोडी आपोआप मागं येते आणि तुझं सगळं माप चुकतं.

नेक सरळ झाली की मागचं झाकण उघड. स्ट्रॅटचा ट्रेमोलो, म्हणजे दांड्यानं हलणारा ब्रिज, स्प्रिंगांवर तोललेला असतो. एका तारेचा ताण बदलला की ब्रिज हलतो आणि बाकीच्या पाच तारा बेसूर होतात. स्लाइडला ट्यूनिंग बदलावंच लागतं, त्यामुळं हा तोल आपल्याला नकोच. स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळून ब्रिज बॉडीला टेकव, आणि ट्रेमोलोच्या ठोकळ्यामागं जी फट राहते तिच्यात कडक लाकडाचा तुकडा घट्ट बसव. सुताराकडं सागवानाचा तुकडा मिळतो, कानस मारून मापात आण. ट्रेमोलोचा दांडा काढून खणात टाक. दुकानदारानं फ्लॉइड रोज सुचवली तेव्हाच तुला स्लाइड वाजवायचीय हे त्यानं ऐकलं नसावं, किंवा ऐकूनही माल खपवायचा असावा. त्यात नटपाशीही (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) तारा ॲलन कीनं आवळलेल्या असतात. दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायचं म्हटलं तर श्रोते चहा पिऊन येतील.

यानंतरचं काम बारकाईचं आहे आणि इथं तुझा हात चालेल. फेंडर घराण्यातल्या गिटारचा फ्रेटबोर्ड आडवा सपाट नसतो, त्याला गोलाई असते. जुन्या पद्धतीच्या फेंडरला सव्वासात इंच त्रिज्या, नव्यांना साडेनऊ, गिब्सनला 12. आकडा जितका मोठा तितका बोर्ड सपाट. नळी सरळ आणि तारांची रांग कमानीत, म्हणजे मधल्या तारांवर नळी टेकते आणि कडेच्या दोन तारांना पोचायला दाबावं लागतं. स्ट्रॅटच्या ब्रिजवर प्रत्येक तारेचा सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) वेगळा असतो, त्याला दोन बारीक ग्रब स्क्रू. कडेच्या पहिल्या आणि सहाव्या तारेचे सॅडल थोडे जास्त वर घे, दुसऱ्या आणि पाचव्याचे त्याहून कमी, मधले दोन आहेत तिथंच. बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी आडवी टेकवून खालून उजेड बघ. सहाही तारा एका रेषेत आल्या नाहीत तरी चालेल, वरच्या चार आल्या तरी नव्वद टक्के काम झालं. नटपाशीही तारा थोड्या उचलाव्या लागतील. खाचा खोल असतील तर पहिल्या तीन फ्रेटवर नळी आपटतच राहते. नट काढून खाली पातळ शिम दे किंवा हाडाचा नवा नट करून घे. मिरजेला सतार-तानपुऱ्याच्या कारागिरांकडं घोडीच्या जवारीची कानस कानानं चालते. नटसाठी हाडाचा तुकडा आणि तो कापून देणारा हात तिथं मिळू शकतो. पण फ्रेटचं काम त्यांचं नव्हे. माप तू लिहून ने आणि आधी विचार, गिटार थेट टेबलावर नेऊन ठेवू नकोस.

तारांचा 11 चा सेट लाव (हा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा नंबर). 9 च्या बारीक तारा नळीखाली लोळतात आणि सूरही पातळ येतो. ट्यूनिंग ओपन डी कर: डी, ए, डी, एफ-शार्प, ए, डी. स्टँडर्डमधल्या चार तारा खाली उतरतात, एकही वर चढत नाही, म्हणून जुन्या नेकला त्रास नाही. डुएन ऑलमन आणि ट्रक्सची म्हणून जी ओपन ई सांगतात ती हीच मांडणी दोन फ्रेट वर आहे. तीत तीन तारा ताणाव्या लागतात. बँडला ई पट्टी हवी असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लाव आणि ट्रक्सच्याच जागा वाजव. मोकळ्या तारा म्हणजे पूर्ण मेजर कॉर्ड, बाराव्या फ्रेटवर तोच कॉर्ड वरच्या सप्तकात, पाचव्यावर चौथा, सातव्यावर पाचवा. कॅपो लावलास तर फ्रेट कॅपोपासून मोजायचे. तीन जागांत अर्धं ब्लूज-रॉक वाजतं. पहिले काही महिने चौथी जागा शोधायला जाऊच नकोस.

रॉकमधल्या मोठ्या स्लाइडवाल्यांनी गिटार कशा निवडल्या ते बघितलं की महागाईची भीती जाते. डुएन ऑलमनचं नाव गिब्सनच्या लेस पॉलशी जोडलेलं आहे, पण स्लाइडसाठी त्याला गिब्सनचीच एक एसजी मिळाली ती बँडमधल्याच डिकी बेट्सकडून, कार्यक्रमात गाण्यागाण्याला ट्यूनिंग बदलत बसायला नको म्हणून. म्हणजे दोन गिटारींची वाटणी मी तुला काही नवीन सांगत नाही. एसजीचा दुसरा गुण असा की तिची बॉडी दोन्ही बाजूंनी कापलेली आणि नेक जवळजवळ शेवटच्या फ्रेटपर्यंत मोकळी. नळीवाल्याला पंधराव्या-अठराव्या फ्रेटवर सतत जावं लागतं; लेस पॉलवर तिथं हाताला बॉडीची जाड टाच लागते. ट्रक्सही एसजीच वाजवतो. तिचा दोषही माहीत असू दे: पट्ट्यावर सोडली की डोकं जमिनीकडं झुकतं. तुझ्या स्ट्रॅटला दोन शिंगं आहेत, वर जायला रस्ता मोकळा आहे आणि ती झुकतही नाही.

राय कूडर तर याच्याही पुढं गेला. त्याच्या स्ट्रॅटवर ब्रिजपाशी जुन्या लॅप स्टीलमधून (मांडीवर वाजवायच्या गिटारमधून) काढलेला पिकअप (तारांचा सूर पकडणारं चुंबक) आहे आणि नेकपाशी तेइस्को या स्वस्त जपानी गिटारचा गोल्ड फॉइल पिकअप. लोवेल जॉर्जनं स्ट्रॅटच्या ब्रिजपाशी टेलीकास्टरचा पिकअप बसवला होता आणि बोटात नळी म्हणून गाडीच्या पान्याचा अकरा-सोळांश इंची सॉकेट घातला होता. वर कंप्रेसर (हळू-जोरातले सूर सारखे करणारं यंत्र) भरपूर, म्हणजे सूर ताणला की संपायचं नाव घेत नाही. ऑलमनची नळी कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली होती. यातलं काहीही शोकेसमध्ये मिळत नव्हतं. आपल्या हाताला काय हवं ते ओळखून त्यांनी सुट्या वस्तू गोळा केल्या. उद्यमनगरात कामाला असलेल्या माणसाला याहून जास्त पटवायची गरज नसावी.

काच की पितळ, हा तुझा प्रश्न इथंच येतो. काच हलकी, तिचा सूर गोल आणि गुळगुळीत, तारेवर घासल्याचा आवाज कमी. पितळ जड, सूर झणझणीत, टिकतो जास्त आणि खरखरही करतो. ट्रक्सच्या वळणाचा गाता सूर हवा असेल तर काच. पण शिकताना मी पितळ सांगेन, एका कारणासाठी: वजनामुळं नळी आपल्या भारानं तारेवर बसते आणि तुला दाबावं लागत नाही. दाबायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

विकत घेऊ नकोस, करून घे. तुमच्याच शॉपमध्ये पितळेच्या किंवा गनमेटलच्या बुशचा तुकडा भंगारात पडलेला असेल. लेथवाल्याला सुट्टीच्या दिवशी चहा पाज. आधी ज्या बोटात घालणार त्याच्या मधल्या सांध्याचं माप व्हर्निअरनं घे, तेही संध्याकाळी. सकाळी आणि संध्याकाळी बोटाची जाडी एकच नसते. बहुतेकांना आतला व्यास 18 ते 21 मिमीच्या दरम्यान लागतो. सांध्यावरून जराशी अडून जाईल आणि हात झटकला तर उडणार नाही, इतकाच फिट ठेव. भिंत 3 ते 4 मिमी. लांबी 55 ते 60 मिमी, म्हणजे बाराव्या फ्रेटपाशी सहाही तारा खाली येतात. बाहेरचा टर्निंग कट शेवटी एकदम हलका घ्यायचा, टूलच्या रेघा राहिल्या तर तारेवर करवत चालवल्यासारखा आवाज येतो. दोन्ही तोंडांना आतून-बाहेरून चेंफर, मग पॉलिश पेपर चढत्या नंबरानं, आणि शेवटी बफिंग. नखानं आडवं घासून बघ, नख कुठंच अडकायला नको. काचेची हवी असेल तर ती मात्र विकत घे. बाटलीचा गळा घरी कापायच्या नादाला लागू नकोस, बोटं दोन्ही वाजवण्याला लागणार आहेत.

कुठल्या बोटात घालायची? ऑलमन आणि ट्रक्स अनामिकेत, बॉनी रेट मधल्या बोटात, लँड्रेथ करंगळीत. करंगळीत घातली तर तीन बोटं कॉर्ड धरायला मोकळी राहतात, अनामिकेत घातली तर नळीवर ताबा चांगला राहतो. तुझी स्लाइडची गिटार वेगळी आहे, कॉर्ड तिच्यावर धरायचेच नाहीत, अनामिका घे. नळीच्या मागं तर्जनी आणि मधलं बोट तारांवर हलकेच टेकवून ठेवायची, नाहीतर मागची तार भुणभुणते.

आता उजवा हात. दोन गिटारी केल्या म्हणजे दोन विद्या शिकायच्या असं तुला वाटत असेल, पण खरं तर विद्या एकच आहे. ट्रक्स पिक वापरतच नाही. नॉफ्लरही अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटानं वाजवतो. उघड्या ट्यूनिंगमध्ये नळी सहा तारांवर पडलेली असते आणि तुला वाजवायची असते एकच. बाकीच्या पाच गप्प कोण करणार? उजव्या हाताची बोटं. अंगठा जाड तारांवर आडवा पडलेला, तर्जनी तिसरीवर टेकलेली, मधलं बोट दुसरी छेडतंय. सूर दुसरीवरून तिसरीवर गेला की टेकलेलं बोट उठतं आणि छेडलेलं बोट बसतं. पिक धरलं की यातली दोन बोटं पिक धरण्यातच अडकतात. म्हणून रोज आधी स्लाइडच्या गिटारवर डाव्या हाताला काही न करता, फक्त उजव्या हातानं एक तार वाजव आणि बाकीच्या गप्प कर. ॲम्पचा गेन वाढवून कर, म्हणजे चोरी लगेच पकडली जाईल. हेच बोटांचं भान उद्या फिंगरस्टाइलला जसंच्या तसं लागतं. नखं थोडी ठेवायची की मांसानं वाजवायचं हे तुझं तू ठरव. मशीन शॉपमध्ये नखं टिकत नाहीत, तेव्हा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. मांसाचा आघात मऊ असतो, सूर कमी पडतो असं वाटलं तर साधा कंप्रेसर पेडल घे.

आता 25 हजारांचं बघू. नव्या गिटारवर रंग आणि नाव बघायच्या आधी तीन गोष्टी बघ.

पहिली, नटची रुंदी. साध्या इलेक्ट्रिकला 42-43 मिमी असते. फिंगरस्टाइलसाठी बनवलेल्या ॲकूस्टिकला साडेचव्वेचाळीस, क्लासिकलला 52. बोटं जाड असतील तर 42 वर शेजारची तार अडते. पण तुला बँडमध्ये बार कॉर्ड आणि सोलोही वाजवायचेत, 43 पुरे. दुसरी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची गोष्ट ब्रिजपाशी, कारण छेडणारा हात तिथं असतो. पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंतचं अंतर जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट ब्रिजवर 56 मिमीच्या आसपास असतं, नव्या पद्धतीच्या ब्रिजवर 52 च्या आसपास. चार मिमी सहा तारांत वाटले गेले तरी बोटाच्या टोकाला कळतात. व्हर्निअर खिशात घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे.

तिसरी म्हणजे तारांखालची जागा. स्ट्रॅटला मधला पिकअप असतो, आणि बोटं खोल जाणाऱ्या माणसाची नखं त्यावर टकटक आपटतात. तो पिकअप स्क्रूनं खाली नेता येतो, पण टेलीकास्टर वळणाच्या गिटारला तिथं काहीच नसतं, मोकळं मैदान. शिवाय तिचा ब्रिज बॉडीला पक्का असतो, स्प्रिंगांची भानगड नाही. माझं मत विचारशील तर पक्क्या ब्रिजची टेली वळणाची गिटार घे. नॉफ्लरची सुरुवातीची ओळख 1961 च्या लाल स्ट्रॅटची आहे हे मला माहीत आहे, आणि तुझा जीव स्ट्रॅटवरच असेल तर तीही घे, पण मग घरात दोन स्ट्रॅट होतील आणि पप्पांना फरक समजावून सांगणं तुझ्या अंगावर. लिंडसे बकिंगहॅमला ना फेंडरचा पातळपणा चालला ना गिब्सनचा जाडपणा. बोटांनी छेडलेला प्रत्येक सूर सुटा हवा आणि बँडच्या गर्दीत भरीवही हवा, म्हणून 1979 च्या सुमारास रिक टर्नरनं बनवलेली मॉडेल वन त्यानं हातात घेतली. तुझ्या बजेटात तसला प्रकार येत नाही. यातून घ्यायचं ते इतकंच की खूप गरम, म्हणजे मेटलसाठी आवाज ताणलेले पिकअप बोटांच्या कामाला वाईट. हळू आणि जोरात छेडल्यातला फरकच ते पुसून टाकतात. जरा थंड पिकअप बघ. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप मंडपातल्या लायटिंगजवळ गुणगुणणार हे गृहीत धर.

तुमच्या ड्रमरसाठी दोन ओळी. रेझोनेटर आली ती ॲम्प नव्हते तेव्हा आवाज मोठा करायला. जॉन डोपेरानं नॅशनलसाठी ॲल्युमिनियमच्या तीन शंकूंची गिटार 1927 मध्ये आणली. सुंदर वाद्य आहे. पण ड्रमशेजारी माईकवर ठेवली की फीडबॅकशी झुंजत बसावं लागतं, आणि आपल्या दुकानांत हातात घेऊन बघायला क्वचितच मिळते. ऑनलाइन मागवताना चौकोनी नेकची आली तर ती मांडीवरच वाजते, उभ्यानं नाही. शिवाय रेझोनेटर म्हणजे स्लाइडच हेही खरं नाही. नॉफ्लरची 1937 ची नॅशनल स्टाइल ओ बघ, ती तो बोटांनीच छेडतो. नोकरीत बढती झाली की घे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाही. स्लाइडला फ्रेटचा आधार नाही, सूर कानानंच लागतो. आपल्याकडं त्याची सोय रॉकवाल्यांपेक्षा चांगली आहे. व्हॅन शिप्ले यांनी स्टील गिटारला हिंदी सिनेमातली गाणी गायला लावली, ब्रिजभूषण काब्रांनी 1967 मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीनं गिटारवर राग मांडला, आणि विश्वमोहन भट्टांनी त्याच राय कूडरसोबत केलेल्या, 1993 मध्ये आलेल्या रेकॉर्डला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. तेव्हा मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लाव, षड्ज डीवर ठेव, आणि एका तारेवर सा ते प अशी मींड काढ. पंचमावर पोचलास की डोळे फ्रेटवरून उचल. खाली पडतोयस की वर जातोयस ते तानपुराच सांगेल. देवल क्लबात ख्यालाची मैफल असेल त्या दिवशी जाऊन बस, सुरावरून सुरावर जाताना गवई मधे किती रेंगाळतो तेवढंच ऐक. थरथर, ज्याला व्हिब्रॅटो म्हणतात, ती नंतर शिक. सूर लागत नसताना थरथर लावली की चूक झाकली जाते आणि मग कायमची राहते.

क्रम असा ठेव. आधी जुनी गिटार, नळी आणि 11 चा सेट. नट धरून खर्च दोन हजारांच्या आसपास आटोपेल. नवी गिटार घ्यायला घाई नको, सणाच्या गर्दीत तर नकोच, तेव्हा दुकानात ॲम्प शांतपणे ऐकायला मिळत नाही. दुकानात गेलास की पाठ असलेला झणकेबाज सोलो वाजवू नकोस, तो कुठल्याही गिटारवर बरा वाटतो. ॲम्प क्लीन ठेव, अंगठ्यानं पाचव्या आणि चौथ्या तारेवर संथ बास चालू ठेव आणि त्यावर दोन बोटांनी एखादं ओळखीचं गाणं काढ. बास आणि चाल वेगवेगळी ऐकू येते का बघ. मग सहावी तार डीपर्यंत उतरव, पुन्हा ईवर आण, आणि बाकीच्या पाच तारा जागेवर आहेत का ते तपास. दुकानदार तार उतरवू देत नसेल तर व्हर्निअर खिशात टाक आणि पुढच्या दुकानात जा.